तिकडचा रस्ता बंद असतो

भय्याजी गाडीची सगळी माहिती बापूरावांना सांगत होते, आणि गाडी घेणार होती कांता.

"इंजिन अजून खोललं नाई भाऊ. मागचा टायर नवा टाकला. अन् हे पाहा," असं म्हणून त्यांनी येझदी मोटरसायकलच्या डाव्या अंगाला बसवलेल्या लोखंडी जाळीवर थाप मारली. "साडीगार्ड. माह्या घरच्यासाठी मुद्दाम लावून घेतला. बाईंचा पदर चाकात जाची भीती नाई. मागं आरामात बसतीन."

"तो काढून टाका," कांता म्हणाली.

भय्याजींनी बापूरावांकडे पाहिलं. "काय म्हनतेत बाई?"

"बाई इथीच उभी आहे, बाईलेच विचारा," कांता म्हणाली. "साडीगार्ड काढून टाका म्हणते. मले मागं बसायचं नाई. गाडी मी चालवणार आहे."

भय्याजी हसले. फॉरेस्ट खात्यात जन्म घालवून नुकतेच घरी बसलेले, पोट सुटलेले, गोड बोलणारे गृहस्थ. चंद्रपुरात पठाणपुरा गेटाजवळ त्यांचं कौलारू घर होतं आणि घरासमोरच्या कडुनिंबाखाली ती काळी येझदी धुऊनपुसून उभी केलेली होती. मे महिन्याचं ऊन सकाळीच चढलं होतं.

"बाई, ही काई लूना नाई," ते समजुतीनं म्हणाले. "लूनाच पाहिजे तर माह्या साळ्याजवळ हाय एक. हिरवी. तुम्हाले शोभून दिसन."

"मी शोभेसाठी नाई आली."

बापूराव खाकरले. "भय्याजी, यांनी लग्नाआधी चालवली आहे. बुलेट. यांच्या बाची होती."

हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडी माफी मागितल्यासारखा सूर होता. कांतानं तो बरोबर ओळखला. वीस वर्षं ती हा सूर ऐकत आली होती. लग्न होऊन चिमूरला सासरी गेली तेव्हा सासूनं अंगणात चार बाया जमवून सांगितलं होतं, आमची सून फटफटी चालवत होती म्हणे, आणि बाया पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. तेव्हाही बापूराव असेच खाकरले होते. पुढे त्यांना नव्या वीज केंद्रात नोकरी लागली, ऊर्जानगरला क्वार्टर मिळालं, कांताला कॉलनीजवळच्या शाळेत मास्तरकी मिळाली. कंपनीची बस दाराशी यायची. गाडीचा विषयच संपला होता.

बापूराव वाईट माणूस नव्हते आणि कांताची खरी अडचण तीच होती. दारू नाही, हात उचलणं नाही, पगार घरात. अशा माणसावर रागवायचं तर रागाला धरायला जागा सापडत नाही. वर्षभर ती तो राग दाताखाली धरून वावरत होती. शाळेत शिकवत होती, स्वयंपाक करत होती, ग्रंथालयातून पुस्तकं आणून वाचत होती, आणि पान उलटलं तरी आधीच्या पानावर काय होतं ते तिला सांगता आलं नसतं.

मागच्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट.

कांताचे वडील लहानुजी खोब्रागडे जन्मभर सागवानाच्या डेपोवर होते. आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पेरमिलीच्या पुढे, एक नाला ओलांडला की लगेच त्यांचं गाव. काम सुटल्यावरही ते तिथंच राहिले. घर रस्त्याला लागून होतं, एस.टी. दारासमोर थांबायची. कांता त्यांना बा म्हणायची. आषाढात एक दिवस कॉलनीतल्या किराणा दुकानात आलापल्लीहून फोन आला: बा सिरीयस आहेत, निघून या.

तिनं पिशवी भरून दाराशी ठेवली. बापूराव ड्यूटीवरून आले, त्यांनी ऐकलं, खाटेच्या कडेला बसून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि म्हणाले, "पण तिकडचा रस्ता बंद असतो ना आता. पूर उतरला का जाऊ."

मृगापासून दसऱ्यापर्यंत चंद्रपुरात हे वाक्य कुणीही, कुठेही म्हणतं. भामरागडला बदली झालेला कारकून म्हणतो, लग्नाला न गेलेला सोयरा म्हणतो. त्यात काही विचारायचं किंवा पाहायचं असतं असं कुणाला वाटत नाही. समोरच्यानं मान डोलवायची असते. शेजारच्यांनी डोलवली. कांता त्याच रस्त्यावर लहानाची मोठी झालेली. तिलाही ते वाक्य इतकं सवयीचं होतं की तिनंही डोलवली. पिशवी दाराशीच राहिली. मग दुसरा फोन आला: बा गेले. त्यानंतर मात्र पाऊस असा लागला की रस्ता खरोखरच बंद झाला, आणि बाला तिच्यावाचून नेलं.

बाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ती पोचली. भंतेजींची वंदना झाली, जेवणं झाली. मुखरू म्हणून त्या रस्त्याचा जुना एस.टी. ड्रायव्हर होता, तो हात धुता धुता तिच्याजवळ आला.

"बाई, राग नका मानू. पन तुम्ही आल्या काऊन नाई?"

"रस्ता बंद होता ना."

"कुठी?" मुखरू म्हणाला. "मी रोज येत होतो ना गाडी घेऊन. उघाड होती तवा. नाल्यात घोट्याएवढं पानी. तुमच्या बाची खाट पडवीत टाकली होती. मी गाडी थांबवली का थो मान उचलून पाहे. मले विचारे, 'कांता उतरली काय गा?' मी म्हनो, 'उद्या येईन.' दुसऱ्या दिवशी पुन्हा थेच."

परतीच्या बसमध्ये तिनं बापूरावांना एकच प्रश्न विचारला. "रस्ता बंद आहे म्हणून तुम्हाले कोणी सांगितलं होतं?"

"सांगाले कायले पाहिजे?" ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "पावसाळ्यात बंदच असतो."

तोंड उघडलं असतं तर ती भर बसमध्ये किंचाळली असती. मुखरूचं बोलणं तिनं त्यांना सांगितलं नाही. तेव्हा नाही, आणि पुढे वर्षभर नाही. गावात आता एकटी आई होती, केसरबाई. ऊर्जानगरला चल म्हटलं तर म्हणायची, "त्या राखेच्या गावात मी नाई येत. मी इथीच बरी." आणि पुन्हा मृग तोंडावर आला होता. पुन्हा फोन येईल, पुन्हा सगळे माना डोलवतील. तसं झालं तर स्वतः जाऊन डोळ्यांनी पाहता यावं, एवढ्यासाठी कांताला गाडी हवी होती. शिंप्याकडून तिनं सलवार-कमीज शिवून घेतली, तेव्हा बापूराव म्हणाले होते, "या वयात?"

भय्याजींनी साडीगार्ड काढला नाही, पण किल्ली दिली. भाव ठरायला वेळ लागला नाही, फक्त त्यांनी अट घातली: "अगोदर चालवून दाखवा बाई. उद्या काई झालं तर लोक मलेच म्हनतीन, भय्याजीनं बाईले गाडी देल्ली."

येझदीला एकच दांडी. वर उलटवली की किक, खाली केली की तोच गिअर. भय्याजींनी ते दाखवलं आणि गाडी सुरू करून दिली. घरातून सुगंधाबाई, त्यांच्या पत्नी, पदरानं वारा घेत ओट्यावर येऊन बसल्या. गेटाबाहेर झरपट नदीकडे जाणारा रस्ता मोकळा होता. कांतानं ओढणी कमरेला बांधली आणि बसली.

हातांना सगळं आठवत होतं. क्लच सुटला तसा गाडीनं अलगद पुढे पाय टाकला. वाऱ्याचा तो तोंडावर येणारा हात ती विसरली नव्हती. इंजिनानं दुसरा गिअर मागितला. तिनं उजव्या पायानं खाली दाबलं.

गाडी आचका देऊन बंद पडली.

"ब्रेक दाबला बाई!" मागून भय्याजी ओरडले.

तिनं पुन्हा सुरू केली. पुन्हा तेच. ओट्यावरून हसू ऐकू आलं. तिसऱ्या वेळी डावा पाय आठवून, चाचपडत, तिनं दुसरा गिअर टाकला आणि गाडी पळू लागली. वळणावरून एक बैलबंडी सरळ रस्त्यात आली. कांतानं डावा पाय होता नव्हता तेवढा जोर लावून दाबला. गाडी थांबली नाही. गिअर खाली पडला, इंजिन किंचाळलं, बैल बुजले, आणि तिनं हँडल वळवलं ते सरळ रस्त्याकडेच्या बेशरमच्या झुडपात.

ती पालथी पडली होती. कोपर सोललं होतं. निळ्या-जांभळ्या फुलांत तोंड खुपसून ती क्षणभर तशीच राहिली. काय झालं ते तिला चांगलंच कळलं होतं. बुलेटचा गिअर उजव्या पायात होता आणि ब्रेक डाव्या. पहिला वर, बाकीचे खाली. येझदीत सगळंच उलटं. डेपोच्या मैदानात, सागाच्या ओंडक्यांच्या रांगांमधून बा तिच्यामागे धावत असायचा. आधी ठेकेदाराची असलेली ती बुलेट त्यानं पुढे विकत घेतली होती, आणि ज्या गावांमधून त्याच्या बापाला जोडे हातात घेऊन जावं लागे, त्या गावांमधून तो मुद्दाम भोंगा वाजवत जायचा. धावता धावता ओरडायचा, "उजवा चालवते, डावा थांबवते! ध्यानात ठेव पोरी, उजवा चालवते!" तिनं ध्यानात ठेवलं होतं. तिचे पाय अजून त्याचंच ऐकत होते.

भय्याजी धापा टाकत आले. "लागलं काय... टाकीले?"

"अवो, आधी बाईले पाहा!" मागून सुगंधाबाई म्हणाल्या. "पडल्या तर पडल्या, बेशरमात पडल्या!" आणि स्वतःच्याच बोलण्याला तोंडावर हात ठेवून हसल्या.

बापूरावांनी कांताला उठवलं आणि ते तिच्या कोपराला रुमाल बांधू लागले. ते घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस जे बोलतो तेच ते बोलले.

"झालं समाधान? चल घरी. मी पहिल्यापासून म्हणून राह्यलो. अन् गाडी घेऊन करशीन काय तू? पावसाळ्यात तसाही तिकडचा रस्ता बंदच असतो."

कांतानं त्यांचा हात झटकला.

"कोणी सांगितलं?"

"काय?"

"बंद असतो म्हणून. नाव सांगा. कोणी सांगितलं?"

"अवं, सगळेच..."

"सगळे कोण? त्यायले नाव नाई? घर नाई?" तिचा आवाज चढला नव्हता. वर्गात मुलांना उत्तर चुकलं म्हणून सांगावं, तसा तो होता, आणि म्हणूनच भय्याजी दोन पावलं मागे सरले. "मागच्या वर्षी एस.टी. रोज जात होती. रोज! नाल्यात घोटाभर पाणी होतं. बाची खाट पडवीत होती. गाडी थांबली का थो मान उचलून पाहे. मुखरूले विचारे, कांता उतरली काय म्हणून. रोज विचारे. अन् मी दाराशी पिशवी ठेवून बसली होती. कायले? तर तुमच्या तोंडात एक वाक्य होतं!"

बापूराव उन्हात उभेच राहिले. त्यांच्या हातातल्या न बांधलेल्या रुमालाची टोकं लोंबत होती.

"मले... मले खरंच वाटलं होतं, बंद असन."

"माहीत आहे."

"मी खोटं नाई बोललो कांता."

"खोटं बोलले असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "एका खोट्याले धरून भांडता तरी येते. स्टँड काई लांब नाई. जाऊन एका माणसाले विचारायचं होतं. एका!"

"तू मले आतापर्यंत बोलली काऊन नाई?"

"बोलून बा उठला असता?"

सुगंधाबाईंचं हसू केव्हाच मावळलं होतं. त्या पुढे आल्या, बेशरमच्या फांद्या बाजूला करून स्वतःच गाडीच्या हँडलला हात घातला. "पाहून काय राह्यले, उचला ना!" असं त्यांनी दोघांही पुरुषांना फटकारलं. गाडी उभी झाली. हेडलाइटच्या कडेला पोचा आला होता.

"राहू द्या बाई," भय्याजी पडेल आवाजात म्हणाले. "मी नाई म्हनत चालवून दाखवा. झालं थे झालं."

"मी म्हणते," कांता म्हणाली.

ती पुन्हा बसली. या वेळी मोठ्यानं बोलत निघाली, पायांना बजावत. "डावा चालवते. उजवा थांबवते. डावा चालवते..." गेटापासून झरपटपर्यंत आणि परत, पुन्हा झरपटपर्यंत. मधेच उजवा पाय हट्टानं खाली जाई, गाडी आचका खाई, आणि ती त्याला जाहीर शिवी देई. आयुष्यात तिनं कधी तोंडातून शिवी काढली नव्हती. त्या दिवशी एका रस्त्यावर तिनं सगळी कसर भरून काढली. सुगंधाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "बंडीचे बैल हाकून राह्यल्या काय हो बाई?"

"बैल लवकर ऐकते," कांता ओरडली आणि वळून पुन्हा गेली.

डोळ्यांत पाणी येत होतं. बानं शिकवलेलं पुसून टाकल्याशिवाय बाच्या गावी जाता येणार नव्हतं, आणि हे पुसायचं काम तिला भर उन्हात, तीन माणसांच्या देखत, मोठ्यानं ओरडून करावं लागत होतं. याचाही तिला राग आला. इतका आला की रडं मागे पडलं.

व्यवहार झाला. भय्याजींनी पाना आणून साडीगार्डचे बोल्ट सोडले. सुगंधाबाई चाकाखाली ठेवायला लिंबू घेऊन आल्या, तेव्हा कांता म्हणाली, "आमच्यात नाई करत, सुगंधाबाई."

"मग सरबत करते," त्या म्हणाल्या आणि तेच लिंबू घेऊन आत गेल्या.

सरबत पिऊन झाल्यावर बापूराव गाडीजवळ येऊन उभे राहिले. मागच्या सीटकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. विचारायचं कसं ते त्यांना सुचत नव्हतं.

"कंपनीची बस मिळन तुम्हाले," ती म्हणाली, आणि निघाली.

जून गेला. रोज शाळेच्या आधी ती गाडी काढायची. कॉलनीत आधी खिडक्या उघडायच्या, मग उघडेनाशा झाल्या. एका सकाळी फाटकापाशी कुत्रं आडवं आलं आणि उजवा पाय न सांगता, न विचारता ब्रेकवर गेला. गाडी जागच्या जागी थांबली. तिला वाटलं होतं, या दिवशी आपल्याला बरं वाटेल. तिनं गाडी तशीच वळवली, घरी आणून लावली, आणि त्या दिवशी शाळेत ती मुलांवर विनाकारण खेकसली.

घरात बोलणं कामापुरतं होतं. बापूरावांनी दोनदा काही सांगायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तिनं ऐकून घेतलं नाही. क्षमा मागितली की समोरच्यावर ती देण्याचं काम येऊन पडतं, आणि ते काम अंगावर घ्यायची तिची तयारी नव्हती.

श्रावणात फोन आला. किराणावाल्यानं सांगितलं, आईला ताप आहे, दोन दिवस उतरला नाही. बापूराव नुकतेच ड्यूटीवरून आले होते. "पण तिकडचा..." एवढंच त्यांच्या तोंडून गेलं आणि ते मधेच थांबले. सोडलेला बूट त्यांनी पुन्हा पायात घातला.

"मी स्टँडवर जाऊन विचारून येतो."

"विचारा," कांता रेनकोट चढवत म्हणाली. "मी पाहून येते."

गोंडपिपरीपर्यंत पाऊस नव्हता. आष्टीच्या पुढे त्यानं गाठलं. आलापल्लीला तिनं टाकीत पेट्रोल-ऑइल भरून घेतलं, तेव्हा पंपावरचा माणूस म्हणाला, "तिकडं नका जाऊ बाई, रस्ता बंद हाय."

"तुम्ही पाहिला?"

"नाई, पन असतेच ना."

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं नळी काढताना थोडं पेट्रोल खाली सांडलं.

पेरमिलीनंतर दोन्ही बाजूंनी साग दाटत गेला. पानांवर पावसाचा इतका आवाज होता की इंजिन चालू आहे हे तिला फक्त गुडघ्यांतून कळत होतं. शेवटच्या उतारावर एस.टी. उभी दिसली, आणि तिच्या पुढे नाला.

नाल्यावरचा ठेंगणा पूल, रपटा, दिसतच नव्हता. तांबडं पाणी काठाला घासत चाललं होतं, मधेच एखादा ओंडका उलटापालटा होत जायचा. बसच्या पायरीवर बिडी ओढत मुखरू बसला होता. तिला पाहून तो उठला, बिडी विझवली, आणि काही चोरी केल्यासारखा उभा राहिला.

"बाई," तो म्हणाला, "आज खरंच बंद हाय."

"दिसून राह्यलं मले."

ती पाण्याच्या अगदी कडेपर्यंत गेली. गाव समोर होतं. पहिल्या दोन घरांची कौलं झाडांमधून दिसत होती. तिसरं घर आईचं, ते दिसत नव्हतं. पलीकडच्या काठावर कुणीतरी बकऱ्या घेऊन मोहाच्या झाडाखाली आडोशाला उभं होतं. तिनं हाक मारली. पाण्याच्या आवाजात ती तिच्या तोंडापासून चार हातांवर विरली. तिनं पुन्हा मारली, छातीतून. तो माणूस हलला नाही.

"थांबा," मुखरू म्हणाला. तो गाडीत चढला आणि त्यानं भोंगा दाबून धरला.

झाडाखालचा माणूस काठाशी आला. तो वारलू होता, शेजारच्या घरातला. त्यानं दोन्ही हात कानांमागे धरले.

"केसरबाईले सांगा!" कांता एक एक शब्द तोडून ओरडली. "कांता आली!"

"कोन?"

"कांता! लहानुजीची पोरगी! आली! इथी आहे!"

वारलूनं मान हलवली. बकऱ्या तिथंच सोडून तो गावाकडे पळाला. बसमधले लोक खिडक्यांतून पाहत होते. मुखरू खाली उतरून तिच्या शेजारी उभा राहिला.

"एवढ्या दुरून आल्या," तो म्हणाला, "अन् पलीकडं जाता नाई येत."

मागच्या आषाढात नाला घोटाभर होता. खाटेजवळ जाऊन, बाचा हात हातात घेऊन बसता आलं असतं. आणि नसतंच जाता आलं, तरी निदान एवढं तरी झालं असतं: कुणीतरी पळत जाऊन सांगितलं असतं की ती आली आहे, नाल्यापलीकडे उभी आहे. बानं मान खाली टेकवली असती.

वारलू परत आला तेव्हा बराच वेळ गेला होता. तो काठाच्या अगदी टोकावर आला आणि तोंडाभोवती हात धरून ओरडला.

"म्हनते, कायनं आली?"

"गाडीनं! माह्या गाडीनं!"

"बरं!" वारलू थोडा दम घेऊन पुन्हा ओरडला. "ताप उतरला म्हनते! पान्यात घुसू नको म्हनते! मी काई मरत नाई म्हनते!"

बसमध्ये कुणीतरी हसलं. कांतानं फक्त हात वर केला.

"अन् विचारते," वारलू ओरडला, "जेवली काय?"

"नाई!"

तिच्या तोंडून तो शब्द इतक्या रागानं निघाला की मुखरूनं दचकून तिच्याकडे पाहिलं. वारलूनं तो नीट ऐकला, मान हलवली, आणि पुन्हा गावाकडे पळत सुटला.